झिजलेली पट्टी आणि दहाची रेघ : नव्या कामगारांच्या शालेय उणिवा कामावरच कशा भरून काढाव्यात

जुन्या वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी हातात घेतली, तर तिची शून्याकडची कड झिजून गोल झालेली दिसते. अनुभवी फिटर त्या कडेवर विश्वास ठेवत नाही. तो जॉबचे, म्हणजे घडवायच्या वस्तूचे, एक टोक दहाच्या रेघेला लावतो, दुसऱ्या टोकाला येणाऱ्या आकड्यातून दहा वजा करतो आणि माप सांगतो. हीच पट्टी दहावी झालेल्या नव्या मुलाच्या हातात देऊन ‘दहापासून मोज’ असे सांगितले, तर पुष्कळदा टोकाशी दिसणारा आकडाच उत्तर म्हणून येतो आणि ४२ मिलिमीटरचा जॉब कागदावर ५२ चा होतो. सुपरवायझरला हा धांदरटपणा वाटतो. वास्तविक त्या मुलाला ‘लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर’ ही गोष्ट कधी समजलेलीच नसते. पट्टीवरचा शेवटचा आकडा वाचणे म्हणजेच मोजणे, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते.

हा अनुभव एखाद्या कारखान्यापुरता नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाला नेमके हेच काम दिले होते. वस्तू शून्यापासून ठेवली असता सुमारे ८५ टक्के मुलामुलींना तिची लांबी सांगता आली, परंतु वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवताच हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना सुटले नाही आणि सुमारे चतुर्थांश मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. याच वयोगटातले तरुण पुढे दोन-चार वर्षांत भोसरी, चाकण, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाटकातून आत येतात. पुढील मार्गदर्शन तिथल्या लहान आणि मध्यम कारखान्यांचे मालक, सुपरवायझर आणि मनुष्यबळ विभाग सांभाळणारी माणसे यांच्यासाठी आहे. उदाहरणे यंत्रकामाची घेतली आहेत, कारण मला तेच काम जवळून माहीत आहे.

उणीव नेमकी कुठली, हे आधी समजून घ्यावे

‘आजकालच्या पोरांना काही येत नाही’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही, कारण त्यातून काय शिकवायचे हे कळत नाही. शालेय शिक्षण हे जिन्यासारखे असते. मधली एखादी पायरी निखळली, तरी मूल वरच्या मजल्यावर पोहोचलेले दिसते. ते उडी मारून गेले आहे, हे मात्र गुणपत्रिकेत दिसत नाही. ही पायरी कधी निखळली असावी याचा अंदाज उमेदवाराच्या शाळेच्या वर्षांवरून बऱ्यापैकी बांधता येतो.

मार्च २०२५ मध्ये दहावी झालेला विद्यार्थी २०२०-२१ या वर्षात सहावीत होता आणि मार्च २०२६ च्या तुकडीतला पाचवीत होता. अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या यांची जुळणी याच इयत्तांच्या आसपास होते आणि त्या काळात कोरोनामुळे शाळा बहुतांशी बंद होत्या. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांसोबत कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाने ‘ऑनलाइन’ काय शिकले असेल हे वेगळे सांगायला नको. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. त्या तुकडीतले तरुण आता ऑपरेटर म्हणून स्थिरावले आहेत आणि सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारे, होण्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मात्र सगळे खापर महामारीवर फोडणे बरोबर नाही. बीड आणि आसपासच्या भागांतली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’ घेऊन निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. या मुलांसाठीच्या साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे असूनही या कुटुंबांतल्या अनेक मुलांचे शालेय वर्ष दरवर्षी मधोमध तुटत आले आहे. त्यांचा एखादा धडा बुडत नाही, तर दरवर्षी दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम बुडतो, आणि गणिताच्या पुस्तकात अवघड घटक अनेकदा तिथेच असतात. शिवाय २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही, असे धोरण बराच काळ होते. राज्याने पाचवी आणि आठवीला परीक्षेची अट पुन्हा आणली ती २०२३ मध्ये. मुलांना नापास करून ती शिकतात असे माझे मुळीच मत नाही, परंतु ‘आठवी उत्तीर्ण’ या शब्दांवरून कोणत्या पातळीचे गणित येते हे ठरवता येत नाही, एवढे मालकाने लक्षात ठेवावे.

तपासणी कशी करावी

तपासणी भरतीच्या वेळी नव्हे, तर भरतीनंतर पहिल्या आठवड्यात करावी. भरतीपूर्वी केली तर ती गाळणी होते आणि उमेदवार शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो; नोकरी मिळाल्यावर केली तर तो मोकळेपणाने चुकतो. कागदी प्रश्नपत्रिका देऊ नये. ती पाहताच शाळेतली भीती परत येते आणि येत असलेलेही विसरले जाते. यंत्राजवळ उभे राहून, एका वेळी एकाच माणसाबरोबर, वीस मिनिटांत पुढील चार कामे करून घ्यावीत.

पहिले काम झिजलेल्या पट्टीचे. ते वर आलेच आहे. दुसऱ्या कामात ०.३ आणि ०.२५ असे दोन आकडे लिहून मोठा कोणता ते विचारावे. ‘पॉइंट पंचवीस’ असे उत्तर आले, तर तो मुलगा दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतो आहे आणि पंचवीस तीनहून मोठे असल्यामुळे त्याचे उत्तर त्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध आहे. त्याला लगेच दुरुस्त करू नये, ‘कसे ठरवलेस?’ एवढेच विचारावे आणि त्याचे स्पष्टीकरण शब्दशः टिपून घ्यावे, कारण पुढचे शिकवणे त्या स्पष्टीकरणावरच अवलंबून आहे. तिसऱ्या कामात ड्रॉइंगवरचे २५ ± ०.०५ हे माप दाखवून मोठ्यात मोठा आणि लहानात लहान चालणारा जॉब कोणता ते विचारावे. २५.०५ बहुतेकांना सांगता येते; २४.९५ वर गाडी अडते, कारण तिथे दशांशात हातचा घेऊन वजाबाकी करावी लागते. चौथे काम वाचनाचे आहे. यंत्रावर लावलेल्या सूचनांपैकी चार ओळी मनात वाचायला सांगाव्यात आणि नंतर सूचनांकडे पाठ फिरवायला लावून ‘आता मला सांग, काय करायचे आहे’ असे म्हणावे. मोठ्याने वाचायला लावू नये. अडखळत वाचणाऱ्या माणसाला चारचौघांत एकदा हसले गेले की पुढची पाच वर्षे तो ‘हो, समजलं साहेब’ एवढेच म्हणतो.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. चारांपैकी पट्टीचे आणि ड्रॉइंगचे काम चुकले आणि तोंडी विचारलेले बरोबर आले, तर गणिताकडे वळण्यापूर्वी त्या मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. गावाकडे चष्म्याचा नंबर कधीच काढला गेला नाही, अशी मुले आम्हाला अनेकदा भेटली. त्यांतल्या एकाला आम्ही तीन आठवडे व्हर्नियर, म्हणजे बारीक रेघांचे मोजमापाचे साधन, शिकवत होतो आणि त्याला रेघाच दिसत नव्हत्या.

या तपासणीचा कागद कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फाइलमध्ये लावू नये आणि नोटीस बोर्डावर तर मुळीच नको. शिकवणाऱ्याच्या वहीत नावापुढे ‘दशांशाची तुलना नाही’, ‘वजाबाकीत हातचा अडतो’ अशी नेमकी नोंद असावी. ‘गणित कच्चे’ अशी नोंद निरुपयोगी आहे.

शिकवताना सुरुवात हातातल्या वस्तूपासून करावी

वेळ शिफ्टच्या आतलाच द्यावा, आणि त्याचा पगार कापू नये. शिफ्ट संपल्यावर बस सुटण्याची घाई असते आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला शिकण्याची ताकद उरलेली नसते. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, सहा आठवडे, एका वेळी चार ते सहा जण, एवढी व्यवस्था लहान कारखान्यालाही झेपते. ज्यांच्याकडे तीस किंवा अधिक कर्मचारी आहेत, त्यांना शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारकच आहे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कामाशी निगडित वर्गशिक्षणाची तरतूद आहे. पुष्कळ कारखान्यांत हे तास नुसते सही करून भरले जातात. ते याच कामासाठी वापरावेत.

दशांश शिकवताना रुपये-पैशांचे उदाहरण पटकन सुचते, पण ते जपून वापरावे. दोन रुपये पाच पैसे अनेक जण २.५ असेच लिहितात आणि आताच्या तरुणांनी पाच पैशांचे नाणे पाहिलेलेही नसते. त्यापेक्षा मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक माप घेण्याचे साधन, हाच उत्तम फळा आहे. त्याच्या स्लीव्हवर, म्हणजे स्थिर नळीवर, पूर्ण मिलिमीटरच्या रेघा आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात. थिंबलवर, म्हणजे फिरत्या टोपीवर, पन्नास भाग असतात आणि थिंबलचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर होतो. म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. हे पाठ करून घेऊ नये. मुलाला स्वतः थिंबल फिरवून, पन्नास भाग मोजून, अर्ध्याची रेघ बाहेर येताना पाहू द्यावी. मग एक जॉब द्यावा, ज्यात सातची रेघ दिसते आहे, तिच्यापुढची अर्ध्याची रेघही नुकतीच उघडी पडली आहे आणि थिंबल २८ वर आहे. घाईत वाचणारा ७.२८ सांगतो. माप असते ७.७८. पुढे पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर या भाषेतून ०.२५ आणि ०.५ कडे नेले, की ०.३ आणि ०.२५ चा गोंधळ त्याला स्वतःलाच हसू येईल इतका स्पष्ट होतो.

इथे मराठीचे एक बळ आपल्या हाताशी आहे. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ केल्या होत्या. पाढे गेले तरी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द घराघरांत जिवंत आहेत, आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये इंचाच्या आठव्या भागाला आजही ‘सूत’ म्हणतात. ज्या मुलाला ३/४ हे कागदावरचे चिन्ह परके वाटते, तो ‘पाऊण इंचाचा पाइप आण’ म्हटल्यावर न चुकता तोच पाइप आणतो, कारण अपूर्णांक त्याला येतच असतो. शाळेने त्याची आणि चिन्हाची गाठ घालून दिलेली नसते. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि मग त्याखाली ६/८ आणि ३/४ लिहून दाखवावे.

भाषेचा अडथळाही तितकाच खरा आहे. मराठीत ‘बहात्तर’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सात आधी येतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात पडण्याची इथे गरज नाही, परंतु ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारा तरुण प्रत्येक कारखान्यात असतो आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या सोबत्याने ‘उनसठ’ म्हटले की घोटाळा दुप्पट होतो. यावर उपाय शिकवण्याचा नसून शिस्तीचा आहे : शॉपमध्ये कोणतेही माप मोबाइल नंबरसारखे अंक सुटे करून बोलायचे, ‘सात पॉइंट सात आठ’, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. हा नियम मालकापासून हेल्परपर्यंत सर्वांना सारखा लागू असावा, नाहीतर तो फक्त ‘कच्च्यां’साठी आहे असे वाटते आणि दोन दिवसांत बुडतो.

शिकवणारा कोण असावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. इंजिनिअरपेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः याच अडचणीतून गेलेला ऑपरेटर चांगला शिकवतो, कारण चूक कुठे होते हे त्याला आठवत असते. त्याला त्यासाठी महिन्याचा वेगळा भत्ता द्यावा. नुसत्या शाबासकीवर हे काम चार आठवड्यांपलीकडे चालत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळा सुटलेल्या मुलांना काम करता करता विज्ञान-गणित शिकवण्याची जी रीत रुजवली, तिचा एखादा दिवस प्रत्यक्ष जाऊन अनुभव घेतला, तर अशा शिकवणाऱ्याला बरेच काही मिळते.

लिहिण्याचे काम

गणिताची उणीव स्क्रॅपच्या पेटीत दिसते. वाचन-लेखनाची उणीव मात्र रजिस्टरमध्ये दडून राहते. पाळी बदलताना ‘मशीन बंद’ एवढेच दोन शब्द लिहिले जातात आणि पुढच्या पाळीचा पहिला तास अंदाज बांधण्यात जातो. इथे निबंध शिकवायचा नाही. चार प्रश्न रजिस्टरच्या पानावरच छापून घ्यावेत : काय झाले, किती वाजता झाले, त्याआधी वेगळे काय दिसले किंवा ऐकू आले, आणि तुम्ही काय केले. सुरुवातीला कामगाराने बोलावे आणि सोबत्याने लिहावे. नंतर त्याने स्वतः लिहावे आणि सोबत्याने वाचून अर्थ सांगावा. ‘सकाळी १०.४० ला स्पिंडलमधून घरघर आली, कूलंट बंद होतं, बटण दाबून थांबवलं’ अशी ओळ आली, की शुद्धलेखनाच्या तीन चुका असल्या तरी लाल पेन बाहेर काढू नये. सूचनाफलक मराठी आणि हिंदीत, लहान वाक्यांत, क्रियापद आधी लक्षात येईल अशा रीतीने लिहून घ्यावेत. इंग्रजी फलक तपासणीला येणाऱ्या ग्राहकासाठी ठेवायचा असेल, तर तो शेजारी ठेवावा.

बढतीच्या वेळी काय घडते

उणीव लपून राहण्याचे मोठे कारण गो-नोगो गेज, म्हणजे आकडा न वाचता जॉब चालेल की नाही एवढेच सांगणारे साधन, आहे. गेज आत गेला किंवा अडला, एवढे पाहून ऑपरेटर वर्षानुवर्षे उत्तम उत्पादन काढू शकतो, आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती त्याला सेटर करायचे ठरते तेव्हा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर बाहेरचा व्यास ०.०४ ने जास्त येत असेल, तर ऑफसेटमध्ये, म्हणजे यंत्रात भरायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, ०.०४ वजा टाकावे लागतात; चुकून अधिक टाकले, तर फरक मिटण्याऐवजी ०.०८ होतो. सहावी-सातवीत सुटलेली ऋण संख्या इथे, दहा वर्षांनंतर, समोर उभी राहते. बोअरिंग करताना, म्हणजे आतले भोक कापून मोठे करताना, मनात गोंधळ आणखी वाढतो, म्हणून ‘माप लहान हवे तर वजा, मोठे हवे तर अधिक’ असे वाक्य बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही व्यासांसाठी आधी स्क्रॅपच्या जॉबवर करून पाहायला लावावे. तसेच २४० पैकी ६ नग बाद झाले म्हणजे अडीच टक्के, हा हिशेब लाइन-लीडर होणाऱ्याला कॅल्क्युलेटर न शोधता करता आला पाहिजे. २४० चा शंभरावा भाग २.४, आणि त्याची अडीचपट ६. इथे पुन्हा अडीचकीच कामाला येते.

म्हणून बढतीच्या प्रत्येक टप्प्यासाठी कोणते शालेय कौशल्य लागते, याचा एका पानाचा तक्ता करावा आणि तो कामगाराला बढतीच्या सहा महिने आधी हातात द्यावा. आमच्याकडे एका कुशल ऑपरेटरने सेटरची जागा तीन वेळा नाकारली. त्याला जबाबदारी नको आहे, असा आम्ही समज करून घेतला होता. त्याला वजा-अधिकची भीती होती आणि ती सांगण्यापेक्षा पगारवाढ सोडणे त्याला सोपे वाटले होते.

‘सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून काढायचे, त्या ठेकेदाराच्या पोराला कशाला शिकवायचे?’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो. त्याचे सरळ उत्तर असे, की ज्या कारखान्याचा सगळा कणाच ब्रेकवर चालतो, तिथे वरील सहा आठवड्यांचा कार्यक्रम टिकणार नाही. तिथे किमान अंक सुटे बोलण्याचा नियम, चार प्रश्नांचे रजिस्टर आणि डोळ्यांची तपासणी एवढे तरी करावे, कारण त्याचा मोबदला पहिल्याच महिन्यात मिळतो.

ज्यांची शाळाच सुटलेली आहे, त्यांना कागदाचीही गरज असते, कारण दहावीच्या गुणपत्रिकेशिवाय अनेक ठिकाणी पुढची दारे उघडत नाहीत. दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडे पाचवी आणि आठवी स्तराच्याही परीक्षा होतात, आणि पुढच्या शिक्षणासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अर्जांची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, तेव्हा मनुष्यबळ विभागाने जूनमध्येच इच्छुकांची यादी करावी, जुन्या शाळेचा दाखला आणायला एक दिवसाची भरपगारी रजा द्यावी आणि परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी लावू नये. रात्रपाळीचा हा एक मुद्दा पाळला नाही, तर बाकी सगळी मदत वाया जाते.

सहा आठवड्यांनंतर तीच चार कामे वेगळे आकडे घेऊन पुन्हा करून घ्यावीत आणि वहीतल्या पहिल्या नोंदीशेजारी लिहावीत. रिजेक्शनचा एकूण आकडा लगेच पाहू नये, कारण तो टूल, माल आणि यंत्र यांवरही हलतो. ‘माप चुकीचे वाचले’ या एका कारणाने बाद झालेले नग वेगळे काढून तेवढेच पाहावेत. आणि नवीन पट्ट्या मागवल्या, तरी ती झिजलेली पट्टी भंगारात टाकू नये. पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी ती लागणार आहे.